इंजिन पेट घेत नाही तेव्हा

पहाटे बाजारसमितीत टोमॅटो पोचवायचा असतो, नाहीतर रात्री अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असते, आणि नेमकी तेव्हाच जीप हटून बसते. मग किल्ली फिरवीत राहायचे, चार माणसांनी ढकलायचे, हा आपला रिवाज. त्यात वेळ जातो आणि उरलीसुरली बॅटरीही जाते. त्यापेक्षा गाडी न्यूट्रलमध्ये घालावी, हातब्रेक ओढावा आणि इंजिन काय सांगते ते नीट ऐकावे.

पहिला प्रश्न असा, की किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरते का? नुसतेच ‘टक टक’ वाजत असेल आणि दिवे मंदावत असतील, तर दोष बहुधा बॅटरीकडे. पण म्हणून लगेच नवी बॅटरी घ्यायला धावू नका. तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर चढला आहे का, ते पाहा. आधी ऋण तार सोडवावी, मग धन. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टोके धुऊन कोरडी करावीत व पॉलिश कागदाने घासावीत. बसवताना क्रम उलट, म्हणजे आधी धन आणि शेवटी ऋण. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

इंजिन चांगले फिरते पण पेट घेत नाही, तर मग इंधनाकडे वळावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. हवा दाबून पाचशे अंशांच्या आसपास तापते आणि तीत उडालेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. शिक्षकबंधूंनी वर्गात सायकलचा पंप आणावा. चाक फुगवताना त्याचे बूड गरम होते, ते मुलांना हात लावून पाहू द्यावे. तत्त्व तेच.

हा फवारा उडवणारे नॉझल आपल्या नाशिकजवळच्या सातपूरला तयार होत आले आहे. पूर्वीची मायको, म्हणजे 2008 पासूनची बॉश, तिचा तो कारखाना. नॉझलमधली सुई इतकी नेमकी बसते, की भोवतीची फट मायक्रॉनमध्येच मोजावी लागते. आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! मळक्या डब्यातले डिझेल टाकीत का ओतू नये, ते यावरून कळेल.

टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली की नळीत हवा शिरते. नुसते डिझेल भरून मग भागत नाही. इंजेक्शनची सुई काढलेली पिचकारी घ्या. पाणी भरून तोंड बोटाने बंद करा. दट्ट्या हलत नाही. हवा भरा, दट्ट्या आत जातो. नळीतली हवाही तशीच पंपाचा दाब गिळून टाकते. जुन्या इंजिनात फिल्टरवरचा हवेचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडे थांबले की आवळावा. नव्या कॉमन रेल गाडीत मात्र नॉझलच्या नळ्यांना हात लावू नये. तिथला दाब कातडी भेदतो. ते काम मेकॅनिकचेच.

निफाडकडच्या थंडीत किल्ली अर्धी फिरवून वेटोळ्याच्या खुणेचा दिवा विझेपर्यंत थांबावे. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये अर्धा मिनिट विसावा द्यावा. आणि हे सारे करताना बिडी खिशातच राहू द्यावी, बरे का!