विश्लेषण : फळ्यावरच्या सुविचाराने मूल प्रामाणिक होते का? मूल्यशिक्षणाबद्दल कायदा, संशोधन आणि कोल्हापूरचा अनुभव काय सांगतो?

कागल तालुक्यातले मुरगूड असो की राज्यातले दुसरे कोणतेही गाव, मराठी शाळेची सकाळ साधारण एकसारखीच असते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बोधकथा. ‘नेहमी खरे बोलावे’ हे वाक्य फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेले असते. फेब्रुवारी-मार्च आला की मात्र त्याच शाळांच्या परिसरात भरारी पथके, बैठी पथके आणि ‘कॉपीमुक्त अभियान’ सुरू होते. कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांची जबाबदारी असलेले कोल्हापूर विभागीय मंडळही याला अपवाद नाही. परीक्षेतील गैरप्रकार रोखणारा राज्याचा कायदा १९८२ पासून आहे.

दहा वर्षे रोज सुविचार ऐकलेल्या मुलावर परीक्षेच्या तीन तासांत पहारा का ठेवावा लागतो? मूल्यशिक्षणाचा खरा पेच या प्रश्नात आहे.

शाळेत नेमकी कोणती मूल्ये शिकवणे अपेक्षित आहे?

महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रमात मूल्यशिक्षणासाठी दहा मूल्ये ठरलेली आहेत. राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा. डीएडच्या विद्यार्थ्यांना ही यादी तोंडपाठ असते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० त्याच्या पुढे जाते. योग्य काय, हे ठरवण्याची तर्कशुद्ध पद्धत मुलांना लहानपणापासून शिकवावी आणि वरच्या वर्गांत फसवणूक, हिंसा, दुसऱ्याचे लेखन उचलणे, कचरा टाकणे, समानता अशा विषयांवर विचार करायला लावावे, असे हे धोरण म्हणते. म्हणजे कॉपी हा विषय आता केवळ शिस्तीचा नाही, तो अभ्यासक्रमाचाही आहे.

कोल्हापूरचा याच्याशी काय संबंध?

मुरगूड वेदगंगेच्या काठावर आहे. याच नदीने वर गेले की भुदरगड तालुक्यातले गारगोटी लागते. तिथे मौनी विद्यापीठ उभे करणारे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्यांचे जन्मगाव आजरा तालुक्यातले बहिरेवाडी.

मूल्यशिक्षणासाठी वेळापत्रकात आठवड्याला एक-दोन तासिका राखून ठेवाव्यात, असे या आयोगाने सुचवले. पण नुसत्या तासिकेने भागणार नाही, हेही त्याच अहवालात आहे. प्राथमिक वर्गांत गोष्टींमधून, माध्यमिक वर्गांत चर्चेतून आणि एकूण शाळेच्या वातावरणातून मूल्ये रुजावीत, विषय कोणताही असला तरी ती प्रत्येक शिक्षकाची जबाबदारी आहे, अशी आयोगाची भूमिका होती. तासिका वेळापत्रकात बसवणे सोपे होते, वातावरण बदलणे अवघड. शाळांनी सोपे तेवढे उचलले.

मूल्यशिक्षण म्हणजे धर्मशिक्षण का?

नाही. घटनेच्या अनुच्छेद २८ नुसार संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित खासगी शाळेत ते दिले जात असले, तरी पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. अनुदानित शाळांची संख्या मोठी असलेल्या आपल्या भागात पालकांनी ही तरतूद लक्षात ठेवायला हवी.

मग मूल्ये कुठून घ्यायची? शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ मध्ये सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये पुढे ठेवली. विविध धर्मांची ओळख करून देण्याच्या मुद्द्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. धर्मांविषयी माहिती देणे आणि धार्मिक शिक्षण देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात स्पष्ट केले. शिक्षण हक्क कायद्यानेही अभ्यासक्रम घटनेतील मूल्यांशी सुसंगत असावा, असे बंधन घातले आहे.

उपदेशाने वागणूक बदलते का?

याचे सर्वांत जुने मोठे उत्तर अमेरिकेतले आहे. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी १९२० च्या दशकात सुमारे ११ हजार मुलांची पाहणी केली. मुलांना नकळत फसवण्याची संधी दिली गेली, उदाहरणार्थ स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासणे. मुलांची ‘प्रामाणिक’ आणि ‘अप्रामाणिक’ अशी सरळ विभागणी होत नाही, असे त्यांना आढळले. गणिताच्या चाचणीत फसवणारे मूल खेळात प्रामाणिक राहत होते, तर कधी उलट घडत होते. पकडले जाण्याची शक्यता किती आणि सोबतची मुले काय करतात, यावर बरेच अवलंबून होते. पुढच्या अभ्यासकांनी ही माहिती पुन्हा तपासली, तेव्हा वागण्यात थोडे सातत्य असते असे दिसले. परिस्थितीचा वाटा मात्र कुणी नाकारला नाही.

अमेरिकेतच चारित्र्यघडणीच्या सात कार्यक्रमांची ८४ शाळांमध्ये चाचणी झाली. २०१० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, सरासरीने पाहता मुलांच्या वागण्यात सुधारणा दिसली नाही. अर्थात, यावरून मूल्यशिक्षण निरर्थक ठरत नाही. ठरावीक कार्यक्रम शाळेवर वरून चिकटवला की काम झाले, हा समज तेवढा खोटा ठरतो.

मग काय उपयोगी पडते?

बीड जिल्ह्यात २००९ मध्ये शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू केले. पुढे राज्य सरकारच्या सहभागाने ते इतर जिल्ह्यांत गेले. यात भाषणांपेक्षा कृतीवर भर आहे. मुले जोडीने आणि गटात काम करतात, वर्गाचे नियम स्वतः चर्चा करून ठरवतात. स्वतः ठरवलेला नियम मोडताना मुलाला स्वतःलाच उत्तर द्यावे लागते.

व्यवस्था बदलून मूल्य रुजवण्याचे त्याहून जुने उदाहरण कोल्हापूरचेच आहे. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा आदेश काढला. समतेवर निबंध लिहून घेण्याऐवजी त्यांनी मुलांना एका वर्गात बसवले.

मुरगूडच्या कुस्ती संकुलात आज मुलीही सराव करतात. ‘स्त्री-पुरुष समानता’ हे मूल्य तिथे भिंतीवर लिहिण्याची गरज पडत नाही.

पालकांनी शाळेला काय विचारावे?

मूल्यशिक्षणाची तासिका आहे का, एवढेच विचारून उपयोग नाही. वर्गाचे नियम कोण ठरवते? वर्ग झाडण्याचे काम मुले-मुली दोघेही करतात का? चूक कबूल करणाऱ्या मुलाला काय मिळते, मार की संधी? शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. खरे बोलल्यावर मार बसत असेल, तर मूल खोटे बोलायलाच शिकते.

एक प्रश्न पालकांनी घरातही विचारायला हवा. केंद्राच्या कुंपणाबाहेरून आत जाणारी चिठ्ठी अनेकदा घरच्याच माणसाने दिलेली असते. मुलगा दहा वर्षे शाळेत सुविचार ऐकतो आणि त्या एका सकाळी मोठ्या माणसांना चिठ्ठी सरकवताना पाहतो. यातले काय त्याच्या लक्षात राहणार, हे कळायला संशोधन लागत नाही.