खिडकी बंद, पेंग्विन आत!

खरं सांगू? लिनक्स हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं. काळा स्क्रीन, त्यावर भराभर पळणारी हिरवी अक्षरं आणि समोर चार दिवस दाढी न केलेला कुणीतरी जीनियस! आपण पडलो साधी माणसं. सातपूर एमआयडीसीतल्या एका व्हेंडर युनिटमध्ये क्वालिटीला नोकरी, दिवसभर पीडीआय रिपोर्ट आणि एक्सेलची मारामारी. घरी आलं की लॅपटॉपवर थोडं काम, बराच टाइमपास. विंडोज सोडून जगात दुसरं काही असतं, हे माहीत करून घ्यायची कधी वेळच आली नाही.

ती वेळ विंडोजनेच आणली. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत जाहीर झाली होती, पण ती म्हणजे भाडेकरूला दिलेली आणखी एका वर्षाची नोटीस! आणि विंडोज ११? त्याला टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझा लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-थ्री, रॅम चार जीबी. पहिल्या पगारातून हप्त्यावर घेतलेला. कीबोर्ड शाबूत, स्क्रीन शाबूत, फक्त वय झालेलं. नवा घ्यायचा तर चाळीस-पंचेचाळीस हजार. त्यात घराचा हप्ता चालू. बसा बोंबलत!

‘दादा, लिनक्स टाक ना,’ हिंजवडीतला मामेभाऊ फोनवर म्हणाला. जणू काही ‘चहा टाक’ म्हणावं, इतक्या सहज.

मी म्हटलं, ‘अरे, मला कमांड वगैरे येत नाहीत.’

‘तुझ्या हातातला फोन अँड्रॉइड आहे ना? त्याच्या आत लिनक्सच आहे. इतकी वर्षं वापरतोयस, कुठली कमांड दिलीस?’

यावर बोलती बंद. मग जरा शोधाशोध केली. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये ‘मी हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय’ असं जगाला कळवलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली. आज जगातले सर्वांत वेगवान पाचशे सुपरकॉम्प्युटर याच्यावर चालतात. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाचं देशी लिनक्स काढलं (नाव एकदम सही!). केरळच्या सरकारी शाळांतली पोरं तर लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. आणि आमच्या सातपूरकरांसाठी खास माहिती: काही जर्मन सीएनसी कंट्रोलरच्या पोटातही लिनक्सच असतं. म्हणजे ज्या मशीनचे जॉब मी रोज मायक्रोमीटरने मोजतो, त्यातलं एखादं पेंग्विनच्या जिवावर चालत असेल!

लिनक्सचे शेकडो प्रकार आहेत. आपल्याकडे मिसळीचे नसतील इतके. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. मामेभावाने फार विचार करू दिला नाही. ‘मिंट घे, त्यातलं एक्सएफसीई. चार जीबीत पळेल.’ फाइल जवळपास तीन जीबीची, पैसे शून्य. रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर चढवली. नुसती कॉपी करून भागत नाही, हे मी एकदा करून बघून शिकलो. मग लॅपटॉप चालू करताना एफ-ट्वेल्व्ह दाबून धरायचं (तुमच्या मॉडेलला दुसरं बटन असेल) आणि पेनड्राइव्ह निवडायचा.

यातली भारी गोष्ट म्हणजे इन्स्टॉल न करताच लिनक्स चालतं. याला लाइव्ह म्हणतात. गाडी घ्यायच्या आधी टेस्ट राइड मिळते ना, तसं. डेस्कटॉप आला, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. काळा स्क्रीन नाही, हिरवी अक्षरं नाहीत. थोडी निराशाच झाली! फक्त वायफाय गायब. माझ्या लॅपटॉपमधल्या चिपचा ड्रायव्हर आधीपासून त्यात नव्हता. उपाय मात्र फुकट निघाला. फोन केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं, नेट आलं. नंतर ड्रायव्हर मॅनेजर उघडून एक टिक केली की वायफायही हजर.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बसलो इन्स्टॉल करायला. एका स्क्रीनवर दोन पर्याय येतात. विंडोजच्या शेजारी बसवा, किंवा डिस्क पूर्ण पुसून बसवा. इथे हात थांबला. कारण डी ड्राइव्हमध्ये ‘आई’ नावाचा एक फोल्डर आहे. आई २०१९ मध्ये गेली. तिचे जुन्या फोनमधले फोटो, दोन-तीन व्हिडिओ, तिच्या आवाजातला एक मेसेज, सगळं तिथे. बॅकअप घेतला होता म्हणा आदल्या रात्री, मित्राच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. पहिला पर्याय निवडला, तीन वेळा वाचला, मग क्लिक. वीस-पंचवीस मिनिटांत काम फत्ते. आता लॅपटॉप चालू करताना विचारतो, लिनक्स हवं की विंडोज.

मी उत्साहाने लिनक्समधून डी ड्राइव्हवर क्लिक केलं आणि एरर! ड्राइव्ह उघडेना. पुन्हा क्लिक, पुन्हा एरर. एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली, तर बॅकअप अर्ध्यातच थांबलेला. एका फाइलच्या नावावर अडकून ‘स्किप करू का’ विचारत कॉपी रात्रभर तशीच उभी राहिली होती आणि सकाळी घाईत मी न बघता विंडो बंद केली होती. ‘आई’ फोल्डरचा नंबर लागलाच नव्हता. पोटात गोळा आला, दुसरा शब्द नाही.

मामेभावाला फोन. तो हसला. त्या क्षणी त्याचा खून करावासा वाटला.

‘दादा, काही गेलं नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप असतं. शटडाउन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. झोपलेल्याच्या खिशात हात घालायला लिनक्स घाबरतं, एवढंच.’

विंडोज चालू केलं. डी ड्राइव्ह जसाच्या तसा. आधी तो फोल्डर दोन ठिकाणी कॉपी केला आणि या वेळी कॉपी झालेले फोटो उघडून बघितले. मग पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद केलं, नीट शटडाउन केलं. लिनक्समध्ये ड्राइव्ह निमूट उघडला. तेव्हा सगळ्यांना हात जोडून विनंती, बॅकअप झाला असं समजू नका, उघडून बघा. आणि फास्ट स्टार्टअपचं काम इन्स्टॉलच्या आधीच उरका.

पुढचा महिनाभर मी मुद्दाम लिनक्सवरच राहिलो. लॅपटॉप पळतो का? विंडोजमध्ये क्रोम उघडेपर्यंत चहा व्हायचा, आता घोटभरही होत नाही. मिंटचं हे एक्सएफसीई रिकामं असताना एक जीबीच्या आसपास रॅम खातं, बाकीची आपल्याला. अपडेट येतात, पण ऐन कामात ‘रीस्टार्ट करतोय’ म्हणून धमकावत नाहीत. सॉफ्टवेअर हवं तर फोनसारखं स्टोअर आहे, शोधा आणि टाका. महिन्यात टर्मिनल मी दोनदा उघडलं, त्यातलं एकदा नुसतं शायनिंग मारायला.

पण सगळंच झक्कास आहे असं सांगितलं तर खोटं ठरेल. एक्सेलची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडते, व्हीलुकअप चालतो, पिव्होट चालतं. आमच्या पीडीआय फॉरमॅटमधलं मॅक्रोचं बटन मात्र दाबलं की ढिम्म. टॅली थेट लिनक्सवर चालत नाही, ऑटोकॅड चालत नाही. ज्यांची भाकरी यावर आहे त्यांनी विंडोज ठेवावंच. मीही ऑफिसच्या त्या एका फाइलसाठी ते शेजारी ठेवलंय, आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जाणं होतं.

खरी परीक्षा घेतली अण्णांनी. रिटायर झाल्यापासून ते सोसायटीचे सेक्रेटरी. नोटिसा माझ्याच लॅपटॉपवर टाइप करतात. त्यांनी जुनी नोटीस उघडली, तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ.

‘अरे, काय करून ठेवलंस हे?’

‘अण्णा, थांबा जरा. तुमचा फॉन्ट जुना आहे.’

युनिकोड रुळायच्या आधीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची नुसती चित्रं बसवलेली असत. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. दोष लिनक्सचा नाही, तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही हेच दिसतं. विंडोजमधून फॉन्टची फाइल उचलून इकडे टाकली, नोटिसा जिवंत झाल्या. नव्या नोटिशींसाठी मात्र कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी घेतलं. इनस्क्रिप्ट आहे आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायचंही आहे, दोन्ही आधीपासून आतच. अण्णांनी इनस्क्रिप्ट निवडलं. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं हे त्यांना पटलं. आठ दिवस कुरकुरले, मग टाकी साफ करण्याची नोटीस एकटाकी टाइप केली. आयुष्यातली पहिली युनिकोड नोटीस!

प्रिंट द्यायला गेले आणि आमचा जुना लेझर प्रिंटर लिनक्सला ओळखच देईना. दोन संध्याकाळी त्याच्यामागे घालवल्या, ड्रायव्हर शोधला, टाकला, काढला. शेवटी नोटीस पीडीएफ केली आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप केली. अण्णा जाऊन घेऊन आले.

‘पाच रुपये पडले,’ चष्मा काढत ते म्हणाले. ‘त्याचं टोनर केवढ्याला आणतोस तू? तो प्रिंटर विकून टाक.’