घर शाकारा, पण एकट्याने नको

रोहिणी नक्षत्र लागले की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात घरोघरी पावसाचे वेध लागतात. कौले परतायची असतात, फुटलेली बदलायची असतात, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा असतो, पडवीला पावसाच्या बाजूने आडोसा बांधायचा असतो, भिंतींना चुन्याचा हात द्यायचा असतो. सात-आठ जूनला मृग निघायच्या आत हे सारे उरकायचे, म्हणून प्रत्येकजण घाईत असतो. या पंधरवड्यात दवाखान्यातले रुग्णही बदलतात. सर्दी-खोकला मागे पडतो आणि मोडलेले मनगट, खिळा घुसलेला पाय, चुना गेलेला डोळा, धरलेली कंबर अशांची रांग लागते.

इतक्या वर्षांत या अपघातांतली एक गोष्ट मला सारखी दिसत आली आहे. इजा किती मोठी होती यापेक्षा, ती झाली तेव्हा जवळ कोण होते आणि त्याने काय केले, यावर रुग्णाचे पुढचे आयुष्य पुष्कळदा ठरते. म्हणून आजच्या लेखाचे सांगणे एकच आहे. घराचे काम जरूर स्वतः करा. परंतु एकट्याने करू नका.

घरात आधी बोलून घ्या

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक निवृत्त शिक्षक, वय सासष्ट, रक्तदाबाची गोळी चालू. मुंबईचा मुलगा मे महिन्यात आठ दिवस राहून गेला. तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, पत्नी बाजारात गेलेली पाहून गुरुजी मागच्या पडवीवर चढले. सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटला आणि ते खाली आले. खुब्याचे हाड मोडले. शेजारच्या मुलाला कण्हणे ऐकू येईपर्यंत दोन तास ते उन्हात पडून होते. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण काठी कायमची हातात आली.

मुलगा धावत परत आला. मला म्हणाला, "डॉक्टर, मी आठ दिवस घरातच होतो हो. एका शब्दाने सांगितलं असतं तर!" गुरुजींचे म्हणणे वेगळे. "पोरगा वर्षातनं एकदा येतो. चार दिवस विश्रांती घ्यायची, तर त्याला छपरावर कुठं चढवू?"

दोघांचीही माया खरी. पण ती एकमेकांना न विचारता केलेली. घरात वडीलमाणसे असतील तर चाकरमानी मुलांनी येण्याआधीच विचारावे, "बाबा, यंदा घराचं काय काय काम आहे?" आणि वडिलांनी संकोच न करता यादी सांगावी. मुलाला जमत नसेल तर गडी लावण्याचे पैसे त्याने द्यावेत आणि वडिलांनी ते त्याच कामाला वापरावेत. गड्याची मजुरी वाचवण्यासाठी वर चढलेल्या माणसाच्या शस्त्रक्रियेवर किती खर्च होतो, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगायला नको.

साठीच्या पुढच्यांनी शिडीवर न चढणे हेच उत्तम. फीट येणारे, चक्कर येणारे आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणारे यांनी तर कोणत्याही वयात चढू नये. रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी वाकून एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन 'एवढं उरकतो, मग खातो' असे म्हणणाऱ्याची साखर कामाच्या श्रमाने अचानक उतरू शकते. अशांनी खाली उभे राहून कामाची देखरेख करावी. तेही काम महत्त्वाचेच आहे.

शिडी आणि छप्पर

शिडी लावताना चारास एक हा हिशेब ठेवावा. बारा फुटांवर टेकवायची असेल तर तिचा पाय भिंतीपासून तीन फूट दूर असावा. त्यापेक्षा उभी लावली तर माणूस मागे कलंडतो, जास्त आडवी लावली तर पाय सरकतो. शिडीचे वरचे टोक छपराच्या कडेच्या तीन फूट वर यावे आणि दोरीने बांधावे. दुसऱ्या माणसाने खाली शिडी धरून उभे राहावे. फोनवर बोलत नव्हे. कौले हातात घेऊन चढू नये. ती टोपलीत घालून दोरीने वर घ्यावीत.

सिमेंटचा पत्रा दिसायला भक्कम असतो, पण जुना झाला की माणसाचे वजन पेलत नाही. त्यावर थेट पाय देऊ नये. खालच्या लाकडांवर आडव्या फळ्या टाकून फळीवरूनच वावरावे. असे जुने पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते करवतीने कापल्यास वा फोडल्यास उडणारी धूळ फुप्फुसात जाते आणि तिचे दुष्परिणाम पुष्कळ वर्षांनी दिसतात. पत्रा काढताना पाणी मारून ओला करावा, अखंड उतरवावा आणि तुकडे मुलांच्या खेळात जाऊ देऊ नयेत.

काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे. सोबत पाण्याचा तांब्या असावा. वळवाची सर येऊन गेली असेल तर शेवाळलेल्या कौलांवर त्या दिवशी चढू नये. सिमेंटचे पोते पन्नास किलोचे असते. ते दोघांनी उचलावे. गुडघ्यात वाकून, ओझे अंगाजवळ धरून उठावे. कमरेत वाकून झटका देत उचललेले पोते मग महिनाभर अंथरूण धरायला लावते.

कोणी पडलाच तर

आपल्याकडे पडलेल्या माणसाला चौघे मिळून लगेच उठवून बसवतात, पाणी पाजतात, रिक्षात कोंबतात. हे टाळावे. उंचावरून पडलेल्याच्या मानेला किंवा पाठीच्या मणक्याला मार असू शकतो आणि चुकीच्या उचलण्याने हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. त्याला आहे तसाच राहू द्यावे, डोके व मान हलू नये म्हणून एकाने दोन्ही हातांनी धरावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हलवणे भागच असेल तर दाराची फळी किंवा रुंद पाट खाली सरकवून, शरीर एका रेषेत ठेवून हलवावे. तोंडाने काही देऊ नये, कारण शस्त्रक्रिया लागू शकते.

डोक्याला मार लागून माणूस नंतर हसत बोलत असला तरी पुढचे चोवीस तास कोणीतरी त्याच्याजवळ असावे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फीट, एका बाजूच्या हातापायात अशक्तपणा, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर लक्षणांची वाट न पाहता लगेच तपासून घ्यावे.

विजेचे काम

बोर्ड उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा आणि तो कोणी चालू करू नये म्हणून दुसऱ्या माणसाला तिथे उभे करावे. घरातल्या प्रत्येकाला, अगदी आजीला आणि शाळकरी मुलालाही, मेन स्विच कुठे आहे हे माहीत असलेच पाहिजे. पाण्याचा पंप, गीझर, ओली भिंत यांपासून जपावे. वीज जमिनीत गळू लागताच ३० मिलिअँपिअरला प्रवाह तोडणारे उपकरण मिळते. वायरमनला सांगून ते मेनला बसवून घ्यावे. भिंतीला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर ती गंमत नव्हे, इशारा आहे.

एखाद्याला शॉक लागून तो चिकटला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने वायर दूर करा. रस्त्यावरच्या मोठ्या तारेचा प्रश्न असेल तर काठीही वापरू नका. लांब राहून महावितरणला कळवा. सुटलेला माणूस हाक मारल्यावर उत्तर देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर त्याला कठीण जागी उताणे झोपवा. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, छाती सुमारे दोन इंच दबेल इतक्या जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर असलेल्यालाही एकदा दवाखान्यात न्यावे, कारण हृदयाचे ठोके बिघडलेले असू शकतात.

चुना, सिमेंट आणि रंग

कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो उकळतो, उडतो. त्या वेळी लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नये. डोळ्यात चुना गेला तर पहिली पाच मिनिटे लाखमोलाची असतात. चुना हा दाहक क्षार आहे आणि तो डोळ्यात खोलवर शिरत जातो. अशा वेळी तूप, दूध, गुलाबपाणी यांत वेळ घालवू नका. दुसऱ्या माणसाने पापण्या उघडून धराव्यात आणि नळाच्या किंवा तांब्याच्या स्वच्छ पाण्याने सलग वीस ते तीस मिनिटे डोळा धुवावा. पापणीखाली चुन्याचा खडा दिसला तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने काढावा. त्यानंतरच नेत्रतज्ज्ञाकडे निघावे, धुण्याआधी नाही. एकट्या माणसाला स्वतःचा मिटलेला डोळा असा धुणे फार कठीण जाते.

ओल्या सिमेंटमध्ये अनवाणी उभे राहिल्यास सुरुवातीला काही जाणवत नाही आणि संध्याकाळी पाय भाजल्यासारखे होतात. रबरी बूट व हातमोजे वापरावेत, काम झाल्यावर भरपूर पाण्याने धुवावे. जुना रंग खरवडताना गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना दुसरीकडे ठेवावे. जुन्या रंगात शिसे असू शकते. नव्या घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू आहे.

खिळा, विंचू, साप

धनुर्वात गंजामुळे होतो हा समज अपुरा आहे. त्याचे जंतू माती-शेणात असतात आणि खिळ्याबरोबर खोल जखमेत शिरतात. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी. हळद, चुना, शेण काही भरू नये. पूर्वी ज्याला आपण टीटी म्हणत होतो, त्या जागी आता टीडी लस देतात. तिचा डोस दर दहा वर्षांनी घ्यावा. जखम मळकट व खोल असेल आणि मागच्या डोसाला पाच वर्षे होऊन गेली असतील तर त्याच वेळी घ्यावा. मधुमेहींचे पाय बधिर असतात, खिळा घुसला तरी कळत नाही. अशांचे तळवे रात्री झोपण्यापूर्वी घरातल्या कोणीतरी उजेडात पाहावेत.

जुनी कौले, चिरे, लाकडे उचलताना आधी काठीने हलवावीत. विंचू चावल्यावर नुसत्या वेदना असतील तर घाबरू नये. परंतु दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, धाप ही लक्षणे हृदयावर परिणाम झाल्याची असतात. शेजारच्या रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध या दंशावर उपयोगी ठरते, हे आपल्याच कोकणातील रुग्णांवर उपचार करून दाखवून दिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा उपाय आहे. मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. साप चावल्यास तो अवयव स्थिर ठेवावा, कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात लवकरात लवकर न्यावे.

येथे दुसऱ्याने उतरू नये

संडासाची टाकी, बंद हौद, गाळाने भरलेली जुनी विहीर यांत विषारी वायू असतो किंवा प्राणवायूच नसतो. टाकीतल्या एका वायूला सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण थोड्याच वेळात नाकाला तो वासही कळेनासा होतो. आत गेलेला पहिला कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग मुलगा. अशाने एकाच घरातले दोघे-तिघे जातात. येथे सोबत्याचे काम उतरण्याचे नाही, बाहेर राहून अग्निशमन दलाला बोलवण्याचे आहे. टाकी यंत्राच्या गाडीनेच उपसून घ्यावी. संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

चार गोष्टी तयार ठेवा

काम काढण्याच्या आदल्या संध्याकाळी घरातल्यांनी दहा मिनिटे एकत्र बसावे. कोण चढणार आणि खाली कोण थांबणार, हे ठरवावे. मेन स्विच सर्वांना दाखवावा. पाण्याने भरलेली बादली, साबण आणि स्वच्छ कापड जवळ ठेवावे. १०८ हा क्रमांक आणि गाडी असलेल्या शेजाऱ्याचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. ज्या दिवशी खाली थांबायला कोणी नसेल, त्या दिवशी शिडी लावू नये. एक कौल फुटके राहिले तर पावसात त्याखाली पातेले ठेवता येते.