‘मोनॉपली’ हे नाव कोणाचे? : रॉबर्ट बार्टन यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

मे महिन्याच्या सुट्टीत डोंबिवलीतील एखाद्या इमारतीच्या जिन्यात मुले पट मांडून बसतात, तेव्हा अमुक कंपनीचा खेळ काढ, असे त्यांच्यापैकी कोणी म्हणत नाही. ‘व्यापार खेळू या’ एवढेच शब्द पुरेसे होतात. ठाण्याच्या बाजारपेठेत गिऱ्हाईकही याच नावाने खेळ मागते, आणि दुकानदार एकाहून अधिक उत्पादकांच्या पेट्यांपैकी हाताशी येईल ती पुढे करतो. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे ‘व्यापार’ हे सामान्यनाम होय. या शब्दाचा इतिहासही मनोरंजक आहे. कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत. तेथे त्यांना ‘नेगम’ म्हटले आहे. तो शब्द व्यवहारातून गेला. संस्कृत वैयाकरणांच्या परिभाषेत ‘व्यापार’ म्हणजे धातूने दर्शविलेली क्रिया, ‘फल’ या संज्ञेची जोडीदार. मराठीत त्याला देवघेवीचा अर्थ स्थिरावला, आणि आता खोट्या नोटा व फासे यांपुरता तो आणखी संकोचला.

ज्या अमेरिकी खेळापासून हे पट निघाले, त्याच्या नावाविषयी मात्र तेथील न्यायालयांत जवळजवळ दहा वर्षे वाद चालला. नाव ही वस्तूची संज्ञा की उत्पादकाची खूण, हा त्यातील मूळ प्रश्न. आणि तो ज्यांच्या निर्णयांमुळे उद्भवला ते गृहस्थ म्हणजे पार्कर ब्रदर्स या कंपनीचे अध्यक्ष रॉबर्ट बार्टन.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम येथील ही कंपनी जॉर्ज पार्कर यांनी १८८३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, बँकव्यवहारावरील एक खेळ छापून सुरू केली होती. बार्टन हे त्यांचे जावई. बाल्टिमोर येथील वकिली सोडून १९३०च्या दशकाच्या प्रारंभी, मंदीच्या काळात, ते सासऱ्यांच्या धंद्यात आले. पार्कर हे खेळ रचणारे होते. बार्टन तसे नव्हते. खेळाकडे त्यांनी पाहिले ते हक्कांचे गाठोडे म्हणून, आणि ही वकिली दृष्टी त्यांच्या पुढील सर्व कारकिर्दीत दिसते. १९४९ सालचा ‘क्लू’ इंग्लंडमधून आला, १९५९ सालचा ‘रिस्क’ फ्रान्समधून. दोन्ही परक्यांच्या कल्पना, पण हक्क रीतसर मिळविलेले.

‘मोनॉपली’ हा खेळ मार्च १९३५ मध्ये कंपनीने चार्ल्स डॅरो यांच्याकडून विकत घेतला. आधी तो नाकारण्यात आला होता. फिलाडेल्फियातील दुकानांत तो नाताळात झपाट्याने खपल्यावर मत पालटले. डॅरो या बेकार गृहस्थाने घरी बसून हा खेळ शोधून काढला, ही कथा त्यानंतर कित्येक दशके लोकांना सांगण्यात आली.

कथा खरी नव्हती. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ सालीच ‘लँडलॉर्ड्‌स गेम’ या नावाने अशा खेळाचे पेटंट मिळविले होते. जमिनीच्या भाड्यावर एकाच मालकाची मक्तेदारी कशी वाढते हे शिकविणे, हा त्यांचा हेतू होता. पुढे तो हाताने रंगविलेल्या पटांवरून, मित्रमंडळींच्या घरांतून पसरत गेला आणि अटलांटिक सिटी येथील क्वेकर मंडळींनी पटावर आपल्या गावातील रस्त्यांची नावे घातली. लोककथेप्रमाणे वाढलेली अशी कृती एका कर्त्याच्या नावावर बसविणे अवघड असते. बार्टन यांच्या कारकिर्दीत कंपनीने मॅगी यांचे पेटंट १९३५ सालीच ५०० डॉलरना घेतले आणि ‘फायनान्स’ यासारख्या समान खेळांचे हक्कही पदरात पाडून घेतले. जो खेळ आपलाच आहे त्याचे हक्क इतरांकडून घेत हिंडण्याचे कारण काय, हा प्रश्न कोणासही सुचावा.

परंतु भाषाभ्यासकास अधिक बोलका वाटेल असा पुरावा एका अक्षराचा आहे. पटावर ‘मार्विन गार्डन्स’ असे एक नाव आहे. प्रत्यक्षात ती वसाहत ‘मार्वेन गार्डन्स’. मार्गेट आणि व्हेंटनर या दोन शेजारगावांच्या आद्याक्षरांतून ते नाव घडले. फिलाडेल्फियाचे चार्ल्स टॉड यांनी आपल्या पटावर ते चुकीचे लिहिले होते, आणि हा खेळ डॅरो यांना दाखविणारे टॉडच होते. डॅरो यांच्या पटावर तीच चूक उतरली. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी पुण्यास महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना ज्या न्यायाने हस्तलिखितांची कुळे लावली, तोच न्याय येथे लागू पडतो. शुद्ध पाठ दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकतो. विशिष्ट अशुद्ध पाठ दोन ठिकाणी आढळला की त्यांचे नाते बहुधा सिद्ध झाले.

हे सारे उजेडात आले ते सॅन फ्रॅन्सिस्को येथील अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अँस्पाक यांच्यामुळे. त्यांनी १९७३ साली ‘अँटी-मोनॉपली’ हा खेळ काढला. पार्कर ब्रदर्सची तेव्हाची मालक कंपनी जनरल मिल्स हिने नावास हरकत घेतली, आणि १९७४ साली अँस्पाक न्यायालयात गेले. १९६८ मध्ये कंपनी विकली जाईपर्यंत प्रमुखपदी राहिलेले बार्टन यांचीही या प्रकरणात जबानी झाली. १९७७ साली पहिला निकाल अँस्पाक यांच्या विरुद्ध गेला आणि त्यांच्या खेळाच्या सुमारे ४०,००० प्रती मिनेसोटा राज्यात जमिनीत पुरण्यात आल्या. खेळण्याच्या पेट्या पुरण्याचा असा सोहळा क्वचितच झाला असेल.

अपिलात प्रश्न भाषेचा झाला. एका पाहणीत ६३ टक्के लोकांनी ‘मोनॉपली’ हे उत्पादकाचे नाव असल्याचे सांगितले. दुसरीत ६५ टक्के म्हणाले की, आपणांस तो खेळ हवा आहे, तो कोण बनवितो याचे आपणांस फारसे महत्त्व नाही. वरवर पाहता हे आकडे परस्परविरोधी आहेत. वस्तुतः दोन्ही प्रश्न निराळे आहेत. पहिला विचारतो तो शब्दाविषयी बोलणाऱ्याचे ज्ञान, दुसरा विचारतो त्या शब्दाचा प्रयोग. वस्तूचा उत्पादक एकच असेल तर तिचे नाव आणि त्याची खूण यांतील भेद बोलणाऱ्यास जाणवण्याचा प्रसंगच येत नाही, म्हणून पहिल्या उत्तरावर फार भार टाकता येत नाही. १९८२ साली अपील न्यायालयाने प्रयोगाच्या बाजूने कौल देऊन नाव सामान्य ठरविले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात लक्ष घालण्याचे नाकारले. गिऱ्हाइकाच्या हेतूची ही कसोटी मात्र अमेरिकी संसदेस पटली नाही. १९८४ साली कायदा दुरुस्त करून, लोकांच्या दृष्टीने शब्दाचा मुख्य अर्थ कोणता एवढेच पाहावे, असे ठरविण्यात आले. आज ‘मोनॉपली’ हॅसब्रो कंपनीच्या खेळाचे नाव म्हणून चालते. डोंबिवलीच्या जिन्यातील मुलांना पाहणीकाराने दुसरा प्रश्न विचारला असता, तर टक्केवारी काढण्याचे श्रम वाचले असते.

पट्ट्याच्या खेळाचे नाव मालकीचे होण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. कवड्यांच्या पंचवीस या दानावरून नाव पडलेली आपली पचिसी १८७४ साली अमेरिकेत ‘पारचिसी’ म्हणून व्यापारचिन्हात नोंदली गेली होती. बार्टन यांच्या कंपनीने १९३४ साली अमेरिकेत आणलेल्या ‘सॉरी’ या खेळाचा पटही त्याच पचिसीच्या वळणाचा आहे. तो तेथे पोचला इंग्लंडमार्गे.