वरातीनंतरची घोडी

रात्रीचे साडेअकरा वाजत आले आहेत. नागपुरात पाचपावलीच्या पलीकडची अरुंद गल्ली. दारं बंद, कुत्रीसुद्धा राखेच्या ढिगात अंग चोरून पडलेली. एकाच घरासमोर बल्ब जळतो आहे. त्याखाली काकू मांडीवर रिकामं पोतं घेऊन बसल्या आहेत. त्यांचे कान रस्त्याकडे आहेत.

आधी नालांचा आवाज येतो. मग घुंगरांचा. मग मैना उजेडात येते. नुकरी घोडी, अंगभर पांढरी, नाकपुड्यांभोवती गुलाबी. कपाळावर अजून जरीची झालर आहे. काका लगाम धरून पुढे चालताहेत. डोक्याला मफलर, पायात स्लीपर. मैनेच्या अंगातून वाफ निघते आहे. बल्बच्या उजेडात ती पाठीवरून वर चढताना दिसते.

मी तिच्या छातीवर हात ठेवते. केस ओले, चिकट. काका जीन उतरवतात तेव्हा खालची पाठ आताच धुतल्यासारखी निघते. दोन तास बँडपुढे पाय उचलले आहेत तिनं. पाठीवर नवरदेव, त्याच्या पुढ्यात भाचा, दोन्ही बाजूंना फटाके. नवरदेव उतरल्यावर मंडपाबाहेर आणखी पाऊण तास ती नुसती उभी होती. पाहुण्यांना तिच्याबरोबर फोटो काढायचे होते.

"थंडीनं घोडं नाही मरत, ताई," काका म्हणतात. "ओल्यानं मरते."

काकू पोत्याची घट्ट गुंडाळी करून घासायला लागतात. केसांच्या उलट्या दिशेनं, पोटाकडून पाठीकडे. घासलेले केस उभे राहतात, त्यांच्यात हवा शिरते, ओल सुटते. पोतं भिजलं की दुसरं. मी भिंतीवरची झूल उचलून पुढे करते, तर काकू मान हलवतात. "अंग सुकल्याशिवाय झूल नाही टाकाची. टाकली का ओल आतच रायते."

तिसऱ्या पोत्यानंतर काका तिला गल्लीत फिरवायला नेतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. टक् टक् टक् टक्. एका खिडकीतून कुणीतरी खोकतं. मोबाइलवर पारा ९ अंश दाखवतो आहे.

नऊ म्हणजे नागपूरच्या मानानं काही फार नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथं ३.५ अंशांची नोंद झाली होती. मेमध्ये पंचेचाळीस ओलांडणाऱ्या याच शहरात. पण कोरड्या घोड्याला तेही सोसतं. बर्फाच्या मुलखात घोडे रात्रभर उघड्यावर उभे असतात आणि त्यांच्या पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही, इतकी ऊब केसांत अडकलेली हवा आतच धरून ठेवते. हा हिवाळी कोट यायला थंडी पडावी लागते असंही नाही. दिवस लहान होऊ लागले की तो येऊ लागतो. मैनेच्या हनुवटीखाली दाट लव आली आहे, ती त्याचीच. केस घामानं चिकटले की मात्र हवा जाते, आणि मग नऊ अंशही हाडांत शिरतात.

मैना सारंगखेड्याची. दत्तजयंतीला तापीकाठी जो घोड्यांचा बाजार भरतो, तिथून काकांनी तिला पाच वर्षांपूर्वी आणलं. तिथं शेकडो घोडी डिसेंबरच्या रात्री उघड्यावर बांधलेली असतात. काकांचे वडील टांगा हाकायचे, सीताबर्डी ते इतवारी. टांगे गेले, वराती राहिल्या. टांग्याचं काम दिवसाचं होतं. वरातीचं रात्रीचं, आणि ऐन थंडीचं. तुळशीचं लग्न लागलं की सुरू होतं.

ओझं ओढणाऱ्या-वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जनावर कामाला लावू नये, असं त्यात लिहिलं आहे. उन्हाचा विचार झाला, हे चांगलंच झालं. रात्रीच्या या ओल्या पाठीचा विचार अजून बाकी आहे.

सव्वाबारा. काका मैनेच्या कानाच्या मुळाशी हात लावतात, मग पोटाखाली. आता झूल चढते. जुन्या पोत्यांची, आतून सतरंजी शिवलेली.

घोड्यांचं ठाण म्हणजे घराला लागूनच टाकलेला टिनाचा आडोसा. आत मैना आणि एक म्हातारा कुमैत घोडा. समोर जाहिरातींचे जुने फ्लेक्स पडद्यासारखे बांधले आहेत. मात्र वर हातभर जागा मोकळी सोडलेली आहे. शेजारचं ठाण काकांच्या भावाचं. त्यानं मागच्या थंडीत सगळ्या फटी बुजवल्या होत्या. दोन आठवड्यांत त्याचा घोडा खोकू लागला. बंद जागेत मुताच्या वाफेनं माणसाचेही डोळे झोंबतात; घोडा तर तिथेच रात्रभर श्वास घेतो. टिनाखाली पोती ताणून बांधली आहेत, कारण पहाटे घोड्यांच्याच श्वासाचं पाणी पत्र्याला धरतं आणि त्यांच्या पाठीवर ठिबकतं. खाली भंडाऱ्याकडून आलेलं धानाचं तणस. ओलं तेवढं रोज उचलायचं, नाहीतर खुरांना कुजका वास येतो.

पहाटे साडेपाचला मी परत येते. गल्लीत धूर आहे. तीन विटांच्या चुलीवर पत्र्याचा डबा, त्यात पाणी. रात्रीची बादली मैनेसमोर भरलेलीच आहे. तिनं नाक बुडवलं आणि काढून घेतलं, एवढंच.

"पाणी काहून पेत नाही वं?" काकू तिला विचारतात.

मला ती बादली पाहून काळजी वाटते. घोड्याला दिवसाला साधारण तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. गार पाणी तो कमी पितो, आणि खाणं मात्र कोरडं: कुटार, कडबा, चणा. मग आतडं जाम होतं. घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकायला हवं. म्हणून या घरात पहाटे आधी लीद बघतात, मग चहा ठेवतात.

रात्रीपासून एकच ढीग आहे. लहान, कडक, कोरड्या गोळ्यांचा.

मैना तोबऱ्यातून तोंड काढून घेते. पुढच्या उजव्या पायानं जमीन खरवडते. थांबते. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघते. पुन्हा खरवडते. काका फोन लावतात. मग वाट बघणं सुरू होतं.

सात वाजतात. ऊन अजून समोरच्या गच्चीवरच आहे. शाळेची मुलं स्वेटरात हात कोंबून जातात. शेजारची बाई ओव्याचा काढा घेऊन येते, बाटलीही आणते. काकू काढा ठेवून घेतात आणि बाटली परत करतात. मैना लोळू बघते. काका तिला उठवून चालवतात. कुमैत घोडा आतून खिंकाळतो.

आठ चाळीसला डॉक्टर मोटरसायकलवरून येतात. हिरडी बोटानं दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघतात. कोपराच्या मागे नळी लावतात. नाडी ५२. उभ्या, शांत घोड्याची २८ ते ४४ असायला हवी. मग कुशीला कान. "आवाज आहे," ते म्हणतात. "कमी आहे, पण आहे." आणि लगेच, "बाटलीनं काही पाजलं का?"

"नाही."

"बरं केलं. फुफ्फुसात गेलं असतं."

एक इंजेक्शन. नाकातून लांब नळी, त्यातून कोमट पाणी आणि तेल. काका मैनेचं डोकं छातीशी धरून उभे. कुणी बोलत नाही. डॉक्टर जातात. चालवणं सुरू राहतं. ऊन भिंतीवरून खाली उतरतं, गल्लीच्या मध्यापर्यंत येतं. झूल निघते. दहा वाजतात. साडेदहा. काकूंनी अजून चूल विझवलेली नाही.

सव्वाअकराला मैना थांबते, मागचे पाय रोवते, शेपूट उचलते.

काकू पुढे होऊन एक गोळा उचलतात, बोटांनी फोडतात. आत ओल आहे. "झालं बाप्पा," त्या म्हणतात आणि तिथेच ओट्यावर बसतात. काका कोमट पाण्याची बादली पुढे करतात. मैना कान मागे-पुढे करते, नाक बुडवते, आणि घोट घोट पाणी गळ्यातून खाली जाताना दिसू लागतं. संध्याकाळी इंदोऱ्यात वरात ठरलेली आहे. काका फोन करून दुसऱ्याची घोडी पाठवायला सांगतात.

तुमच्या घरी या थंडीत लग्न असेल तर एवढं करा: नवरदेव उतरला की घोडीला लगेच घरी जाऊ द्या.