अँटेना काढ आधी, मग बोलू

रिगवर फार खरखर येते अशी तक्रार घेऊन कुणी गेलं, की आमच्या ओळखीतले एक जुने हॅम काका एवढंच म्हणतात, "अँटेना काढ आधी, मग बोलू." रिगच्या पाठीमागचा कोॲक्सचा कनेक्टर फिरवून सोडवायचा आणि कान द्यायचा. खरखर जशीच्या तशी राहिली, तर दुखणं पेटीच्या आत आहे. ती एकदम खाली बसली आणि मागे बारीक 'स्स्' तेवढी उरली, तर पेटी निर्दोष. कचरा वरून, अँटेनातून येतो आहे. शहरात राहणाऱ्या हौशी रेडिओवाल्याच्या वाट्याला बहुतेक वेळा हे दुसरंच उत्तर येतं. तरीही माणसाचा पहिला हात जातो तो नवा स्पीकर, नवा फिल्टर, नाहीतर थेट नवी रिग घेण्याकडे. खिशाला चाट लावणारा उपाय माणसाला आधी सुचतो, त्याला काय करणार.

माझी अँटेना पुण्यातल्या एका सोसायटीच्या गच्चीवर आहे. चाळीस मीटर बँडचा साधा डायपोल, तार टोकापासून टोकापर्यंत सुमारे वीस मीटर. तिच्या खाली पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, केबलवाल्यांनी सोडलेलं वायरींचं जंजाळ. आकाशातलं ऐकण्यासाठी ताणलेली ही तार सोसायटीच्या संसारातलंही सगळं ऐकते.

एस-मीटरवर 'एस नाइन' म्हणजे रिगच्या तोंडाशी ५० मायक्रोव्होल्ट. तिथून एकेक आकडा खाली उतरताना व्होल्टेज निम्मं होत जातं. एस सेव्हनला साडेबारा, एस थ्रीला एक मायक्रोव्होल्टही नाही. सगळ्या रिगचे मीटर इतके इमानदार नसतात, पण मोजपट्टी हीच. माझ्याकडे रात्री नऊनंतर, कुणीही बोलत नसताना, काटा एस सेव्हनला टेकून बसायचा. त्याखालचं जग माझ्यापुरतं बंद. पाच-दहा वॉटवर बोलणारा माणूस माझ्या घरापर्यंत पोचतही असेल, पण मला त्याचा पत्ता लागत नव्हता. जे ऐकू यायचे त्यांचीही व्यंजनं गळलेली असायची. एकदा कुणीतरी गाव सांगितलं ते बार्शी की वाशी, हे तीनदा विचारूनही कळलं नाही.  बोलण्यातला जोर असतो स्वरांमध्ये, अर्थ मात्र व्यंजनांमध्ये. आणि एक ते तीन किलोहर्ट्झच्या पट्ट्यातली ही नाजूक व्यंजनंच खरखर सगळ्यात आधी खाते.

उपायांची सुरुवात फुकटातल्या उपायांपासून करावी. प्रीअँप बंद. सात मेगाहर्ट्झवर बाहेरचा गोंगाट रिगच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यामुळे प्रीअँप लावला की आपण फक्त कचऱ्याचं वजन वाढवतो. संध्याकाळी तर उलट ॲटेन्युएटर लावावा, कारण ७.२ मेगाहर्ट्झच्या वर लगेच परदेशी प्रसारण केंद्रं सुरू होतात आणि त्यांच्या शेकडो किलोवॉटच्या माऱ्याने रिगचं पुढचं तोंडच गुदमरतं. मग आरएफ गेन. हे बटण बहुतेकांनी रिग घेतल्या दिवशी पूर्ण उजवीकडे फिरवलेलं असतं आणि ते तिथेच गंजतं. ते सावकाश डावीकडे आणत जायचं. एका जागी खरखर मान टाकते आणि बोलणारा तेवढाच स्पष्ट राहतो. असं का होतं? एजीसी नावाचं सर्किट सतत आवाज एका पातळीवर आणायला धडपडत असतं. बोलणारा श्वास घ्यायला थांबला, की ते गेन वाढवतं आणि त्या फटीत सगळा गोंगाट आत ओततं. कीर्तनकार क्षणभर थांबला की लगेच झांजा वाजवायला लागणाऱ्या उतावळ्या टाळकऱ्यासारखं. आरएफ गेन कमी केला की ही उतावीळ बंद होते. कानाचा थकवा निम्मा इथेच जातो, असं माझं मत आहे.

पण काटा एस सेव्हनला का, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी रिग बारा व्होल्टच्या बॅटरीवर घ्यायची आणि घराचा मेन स्विच पाडायचा. घरातल्या माणसांना आधी सांगून, हे वेगळं सांगायला नको. माझ्याकडे मेन पाडल्यावर काटा एक घर उतरला. म्हणजे काही वाटा माझ्याच घराचा होता. मग एकेक एमसीबी वर करत गेलो. स्वयंपाकघर, काही नाही. हॉल, काही नाही. बेडरूमचा खटका वर केला आणि रिगमधून जाडसर गुरगुर आली. वीज पन्नास हर्ट्झची, पण रेक्टिफायरमधून गेली की शंभराची लय धरते, आणि ती एकदा कानात बसली की चुकत नाही. दोषी निघाला एलईडी बल्ब, अगदी स्वस्तातला. तो काढून दुसरा लावला, काम झालं. मोबाइल नसतानाही सॉकेटमध्ये लटकत राहिलेले चार्जर मात्र घरोघरी असतात, आणि त्यांचा राग येतो तो यासाठी की ते काही न करता बडबडतात.

आवाजाच्या जाती ओळखता येऊ लागल्या की शिकारीला रंग चढतो. स्विचिंग पॉवर सप्लाय बँडवर ठरावीक अंतराने उंचवटे उभे करतो. वॉटरफॉलवर बघितलं तर ते उंचवटे सप्लाय तापेल तसे हळूहळू सरकतानाही दिसतात. छतावरच्या सोलर इन्व्हर्टरचा गोंगाट दिवस मावळला की आपोआप संपतो. विजेच्या खांबावर एखादं ढिलं हार्डवेअर ठिणग्या टाकत असेल, तर कोरड्या वाऱ्यात तडतड वाढते आणि पावसाची सर आली की गप्प होते. गणपतीत आणि दिवाळीत प्रत्येक बाल्कनीत माळा लुकलुकतात, तेव्हा आम्ही तक्रार करत नाही. करूनही उपयोग नसतो.

नऊनंतरचा एस सेव्हन मात्र माझ्या घरातून येत नव्हता. त्यासाठी हातातला साधा मिडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर काढला. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी तो लावायचा आणि हातात धरून गोल फिरायचं. आत फेराइटची कांडी असते. तिचं टोक थेट उगमाकडे झालं की आवाज मरतो. मोठा आवाज शोधण्यापेक्षा हा मेलेला बिंदू शोधणं सोपं, कारण तो टोकदार असतो. जिन्यावरून उतरत गेलो तसा गोंगाट वाढत गेला आणि पार्किंगमध्ये जाऊन थांबला. तिथे एक इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होत होती. चार्जर पंख्यासह घोंगावत होता, आणि ट्रान्झिस्टर त्याच्याजवळ नेला तर अक्षरशः ओरडला.

स्कूटरचे मालक तिसऱ्या मजल्यावरचे. रात्री साडेनऊला त्यांच्या दारात ट्रान्झिस्टर घेऊन उभं राहणं सोपं नसतं. "काका, तुमच्या चार्जरमुळे माझा रेडिओ बंद पडतो," असं म्हटलं असतं तर दार बंद झालं असतं. मी त्यांना खाली नेलं आणि ट्रान्झिस्टर त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो चार्जरजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. मग म्हणाले, "हे माझ्या गाडीला काही धोक्याचं नाही ना?" नाही म्हटल्यावर ते निवांत झाले आणि मी आणलेल्या फेराइट रिंगांभोवती चार्जरच्या दोन्ही वायरींचे वेढे देऊ दिले. गोंगाट संपला नाही, पण एस सेव्हनवरून एस फोरवर आला. तेवढ्यात बार्शी आणि वाशी वेगळे होतात.

या फेराइटबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त फळ इथे मिळतं. कोॲक्स केबलमधला सिग्नल आतल्या तारेवर आणि जाळीच्या आतल्या अंगाला असतो. जाळीचं बाहेरचं अंग मात्र मोकाट असतं. घरातल्या वायरींचा गोंगाट त्या बाहेरच्या अंगावर चढतो, गच्चीपर्यंत जातो, डायपोलच्या मध्यावर वळून आत शिरतो आणि सिग्नल म्हणून खाली येतो. अँटेना जणू खालूनच घरात बुडवलेली असते. हा रस्ता अडवायला कॉमन मोड चोक. माझी रिंग एकतीस नंबरच्या मिक्सची, एकसष्ट मिलिमीटर व्यासाची, राखाडी-काळी, हातात घेतली तर आकाराच्या मानाने जड. तिच्यातून आरजी-५८ केबलचे बारा वेढे काढले. पहिले चार वेढे गुमान बसतात. पाचव्यापासून केबल मागे उसळायला लागते, तेव्हा प्रत्येक वेढ्याला अंगठ्याने दाबून धरून केबल टाय ओढायचा. फार करकचून नाही; आतलं प्लास्टिक पिचलं तर मधली तार एका बाजूला सरकते आणि केबलचा स्वभाव बदलतो. फोमवाली केबल या कामाला नकोच. एक चोक डायपोलच्या मध्यावर, एक केबल खिडकीतून आत येते तिथे. रिंगा नव्या घ्यायच्या तर बाहेरून मागवाव्या लागतात आणि महाग पडतात. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तासभर घालवला तर बऱ्यापैकी काहीतरी हाती लागतं, पण मिक्स कोणतं ते दुकानदाराला माहीत नसतं. नॅनोव्हीएनएवर मोजून बघायचं आणि मगच पिशवी भरायची.

सगळं केल्यावरही जे उरतं, त्यातलं काही काढता येत नाही. एप्रिल-मे महिन्यात वळवाच्या विजा शेकडो किलोमीटर दूर कडाडतात आणि बँडवर त्यांचे ताशे वाजतात. नॉइज ब्लँकर गाडीच्या स्पार्क प्लगसारख्या बारीक, टोकदार टिचक्या उचलून फेकतो. विजेचा लांबलचक कडकडाट त्याच्या आवाक्यातला नाही. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या होल्मडेलला बेल कंपनीतला कार्ल जान्स्की हा तरुण अभियंता नेमकं हेच काम करत होता: दूरध्वनीच्या रेडिओ दुव्यात खरखर कुठून येते ते शोधणं. त्याने २०.५ मेगाहर्ट्झची अवाढव्य अँटेना फोर्ड मोटारीच्या चाकांवर बसवून गोल फिरवली आणि खरखरीच्या तीन जाती वेगळ्या केल्या. जवळच्या वादळांची, दूरच्या वादळांची आणि एक संथ, अखंड 'स्स्'. ही तिसरी रोज चार मिनिटं आधी यायची, म्हणजे सूर्याशी नाही, ताऱ्यांशी बांधलेली. १९३३मध्ये त्याने सांगितलं की ती आकाशगंगेतून येते. रेडिओ खगोलशास्त्र असं तक्रार निवारणातून जन्मलं. जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना उभ्या राहिल्या, त्यातही मानवी गोंगाट कमी असलेली जागा हे निवडीचं एक मोठं कारण होतं. पंधरा मीटर बँडवर शांत रात्री जी सळसळ ऐकू येते, तिच्यातला काही भाग जान्स्कीचाच आहे. तिच्यासाठी फेराइट नाही.

आता पेटीच्या आत. अँटेना काढूनही खरखर राहते, असं बऱ्याचदा घरी बांधलेल्या सेटमध्ये होतं. आपल्याकडे अशा सेटांमध्ये अशहर फरहान यांच्या हैदराबादी बिटएक्सचा वंश मोठा आहे. बिटएक्स-४० मध्ये फ्रिक्वेन्सी देणारा राडुईनो बोर्ड म्हणजे अर्डुइनो नॅनो, एक सिंथेसायझर चिप आणि छोटा डिस्प्ले. डिजिटल घड्याळ चालणारी वस्तू संवेदनशील रिसीव्हरच्या मांडीवर बसवल्यावर टिकटिक येणारच. त्याचा सप्लाय वेगळ्या रेग्युलेटरवर घ्यावा, पत्र्याच्या डबीत बोर्ड बंद करावा आणि व्हॉल्यूमच्या पॉटपर्यंत साधी वायर न नेता शील्डेड वायर न्यावी. शील्ड एकाच टोकाला जमिनीला जोडायची. दोन्हीकडे जोडली तर गुंजन येण्याची भीती असते. ऑडिओचं शेवटचं काम बहुधा एलएम३८६ ही चिप करते. तिच्या एक आणि आठ नंबरच्या पायांमध्ये दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की गेन वीसचा दोनशे होतो, आणि बहुतेक जण तो टाकतातच, म्हणून 'स्स्' वाढते. मला तो काढून टाकून हेडफोन लावणं जास्त आवडतं. सात नंबरच्या पायाला बायपास कपॅसिटर आणि आउटपुटला दहा ओहमचा रेझिस्टर, त्याच्या मागे ०.०५ मायक्रोफॅरड, एवढं केलं तरी किंचाळणं थांबतं.

डीएसपीच्या 'एनआर' बटणाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत ते उपकारक असतं. पुढे माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटायला लागतं, आणि व्यंजनं पुन्हा हरवतात. ऑटो नॉच मात्र शिट्टीसारखा कॅरिअर क्षणात छाटतो. मोर्स ऐकताना २,४०० हर्ट्झची खिडकी ५०० वर आणली की गोंगाट पाचव्या हिश्शावर येतो, कुठलंही गणित न करता. बोलण्याला तेवढी अरुंद खिडकी चालत नाही. १,८०० पर्यंत जाता येतं, मग कान रुसतो.

ऐकणं सुधारलं की लोक आपलं बोलणं कसं ऐकतात, याची काळजी सुरू होते. इलेक्ट्रेट माइक तोंडाच्या समोर न धरता जरा तिरका धरला की प, फ, भ यांची फुंकर वाचते. कॉम्प्रेसर हलका. माइकच्या वायरीवर एक फेराइट मणी, म्हणजे आपलीच रेडिओ लहर माइकमधून परत शिरून आवाज फाटत नाही. हे सगळं करून परवा सकाळच्या नेटवर नाशिकच्या एका स्टेशनला रिपोर्ट विचारला. तो म्हणाला, "फाइव्ह नाइन, ऑडिओ एकदम स्वच्छ. तुमच्याकडे कुकरची तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करा." मी माइक गेन दोन रेषा खाली आणला आणि स्वयंपाकघरात गेलो.