नकाशावरून जमिनीच्या चढउताराचे मोजमाप

गावाच्या शिवारात बांधबंदिस्तीचे काम निघाले, की पहिला प्रश्न उताराचा येतो. समपातळी बांध साधारणतः शेकडा सहा उतारापर्यंतच्या जमिनीस मानवतात. तेही जेथे पाऊस बेताचा आहे आणि माती पाणी मुरवून घेणारी आहे तेथेच. उतार याहून अधिक असला, तर बांधामागे तुंबलेले पाणी एखाद्या जोराच्या पावसात बांध फोडून खालच्या शेतकऱ्याच्या रानात उतरते. वरच्याची माती जाते आणि खालच्याचे उभे पीक गाडले जाते. यासाठी उताराचा आकडा अंदाजाने लिहू नये. पायथ्याशी उभे राहून पाहणाऱ्यास चढ नेहमीच आहे त्याहून उभा वाटतो, हे अनुभवी माणसासही चुकत नाही.

शेकडो हेक्टरांचे शिवार दुर्बिणीने मोजणे एका हंगामात साधत नाही. तेव्हा प्रथम नकाशाचे साह्य घ्यावे. गावनकाशावर गटांच्या हद्दी असतात, उंची नसते. उंचीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा पाहिजे. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर होय. त्यावरील तपकिरी रेषा समान उंचीच्या ठिकाणांना जोडतात व लगतच्या दोन रेषांत बहुधा २० मीटर उंचीचे अंतर असते. तलाव भरत असता पाण्याची कड टप्प्याटप्प्याने वर सरकते. त्या प्रत्येक टप्प्याची कड म्हणजे एक समोच्च रेषा, असे समजावे. रेषा दाट तेथे उतार उभा, विरळ तेथे सौम्य, एवढे शाळेतील मुलासही सांगता येते. किती दाट म्हणजे किती उभा, हे मात्र मोजूनच काढावे लागते.

ही मोजणी सुलभ करणारी रीत अमेरिकन भूशास्त्रज्ञ चेस्टर वेंटवर्थ यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केली. पारदर्शक कागदावर ४ सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखावा. जमिनीवर तो २ किलोमीटर बाजूचा, म्हणजे ४०० हेक्टरांचा होतो. त्याच्या दोन कडा व मधली एक अशा तीन रेघा उभ्या आणि तशाच तीन आडव्या घेतल्या, म्हणजे रेघांची एकूण लांबी १२ किलोमीटर भरते. कागद नकाशावर ठेवून या रेघा समोच्च रेषांना किती वेळा छेदतात ते मोजावे. समजा, ३६ छेद आले. दर किलोमीटरला ३ छेद पडले. तीनास २० मीटरांनी गुणले, ६० झाले.

येथे एक फसगत संभवते. साठ मीटर चढ एक हजार मीटरांत, म्हणून उतार शेकडा सहा, असा हिशेब सहज केला जातो. तो चुकीचा आहे. आपल्या रेघा सर्वत्र सरळ चढाच्या दिशेने जात नाहीत; कोठे त्या तिरप्या जातात, कोठे उताराला आडव्या जाऊन एकही रेषा छेदत नाहीत. म्हणून भागाकार हजाराने न करता सुमारे ६३७ ने करावयाचा असतो. साठास ६३७ ने भागून शंभराने गुणले, की उतार शेकडा ९.४ येतो. पहिल्या हिशेबाने ही जमीन समपातळी बांधास जेमतेम पात्र ठरली असती. वास्तविक ती त्या मर्यादेच्या बरीच पलीकडे आहे, आणि तेथे घातलेला बांध किती पावसाळे टिकेल हे सांगावयास नको.

कागद थोडा तिरपा फिरवून मोजणी पुन्हा करावी व दोहोंची सरासरी घ्यावी. शंभू महादेव किंवा हरिश्चंद्र-बालाघाट यांसारख्या डोंगररांगा एकाच दिशेने लांबवर गेलेल्या आहेत. अशा मुलखात एका दिशेच्या रेघांवर विसंबणे योग्य नव्हे.

उताराच्या आकड्यावरून वर्ग पाडतात. शेकडा १ पर्यंत जवळजवळ सपाट, १ ते ३ अतिसौम्य, ३ ते ५ सौम्य, ५ ते १० मध्यम, १० ते १५ तीव्र, आणि त्यापुढे चढत्या क्रमाने उभ्या उताराच्या पायऱ्या. वरील चौकोन मध्यम वर्गात बसतो.

परंतु आपल्या दख्खनच्या जमिनीत सरासरीचा आकडा वापरताना विशेष जपावे लागते. येथील काळा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. झिजताना त्याच्या पायऱ्या पडल्या: वर सपाट माथा, खाली तुटलेला कडा, पुन्हा सपाटी. पाचगणीचे पठार ज्यांनी पाहिले आहे त्यांस हे निराळे सांगणे नको. अशा ठिकाणी चौकोनाचा तीन चतुर्थांश भाग शेकडा २ उताराचा आणि उरलेला शेकडा ४० उताराचा असेल, तर सरासरी साडेअकरा निघते. साडेअकरा उताराची जमीन त्या चौकोनात कोठेही नसते! मात्र कागदावर सारा चौकोन तीव्र उताराचा ठरतो आणि सपाटीवर कसणाऱ्याची चांगली जमीन डोंगरपडीत जमा होते. उपाय अवघड नाही. रेषा जेथे एकाएकी दाटतात तेथे पेन्सिलीने हद्द आखावी व दोन्ही भागांचे छेद स्वतंत्र मोजावेत.

जमिनीचा खडबडीतपणा केवळ उताराने कळत नाही. चौकोनातील सर्वांत उंच व सर्वांत सखल ठिकाणांतील फरक काढावा; यास सापेक्ष उठाव म्हणतात. १९३५ मध्ये गाय-हॅरॉल्ड स्मिथ यांनी अमेरिकेतील ओहायो राज्याचा असा नकाशा केला होता. यास ओहोळांच्या दाटीची जोड द्यावी. उठाव १२० मीटर, म्हणजे ०.१२ किलोमीटर आहे. दर चौरस किलोमीटरला ओहोळांची लांबी एका चौकोनात १ किलोमीटर व दुसऱ्यात ३ किलोमीटर आहे. गुणाकार अनुक्रमे ०.१२ व ०.३६ येतो. उठाव सारखाच असूनही दुसरी जमीन अधिक चिरलेली आहे, आणि नालाबांधाचे काम तेथे अधिक पडेल.

हल्ली हीच मोजणी संगणक करतो. भारताच्या कार्टोसॅट-१ या २००५ साली सोडलेल्या उपग्रहाच्या चित्रांवरून उंचीचे आकडे तयार झालेले आहेत. रायली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सुचविलेल्या खडबडीतपणाच्या निर्देशांकात प्रत्येक घराची उंची भोवतालच्या आठ घरांशी ताडून पाहतात. घरे लहान घेतली की शेजाऱ्यांतील फरकही लहान येतो. म्हणून मोठ्या घरांसाठी ठरविलेले वर्ग तीस मीटरांच्या घरांना लावले, तर घाटमाथाही सपाट ठरावयाचा. तयार नकाशा हाती आला तर त्यातील घर केवढे आहे, हे अगोदर विचारावे.

नकाशात जे दिसत नाही त्याचीही आठवण ठेवावी. दोन रेषांत २० मीटरांचे अंतर असल्याने तीन मीटर खोलीची घळ त्यांत सहसा उमटत नाही, आणि शेताची माती नेणारी घळ बहुतेक तेवढीच असते. नकाशाने सौम्य ठरविलेल्या भागातही जेथे ओहोळ सुरू होतो, त्याच्या वरच्या बाजूस प्रत्यक्ष जावे. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन काठ्यांमधील पातळीचा फरक घ्यावा. शेजारच्या शेतकऱ्यास बरोबर घ्यावे, कारण पाणी कोठून फुटते ते त्याला ठाऊक असते. काठ्यांमध्ये १० मीटर अंतर ठेवून पातळीत ६० सेंटिमीटरांहून अधिक फरक आला, तर त्या तुकड्यावर बांधाची आखणी थांबवून मजगीचा किंवा सलग समतल चरांचा विचार करावा.